दिवस बुडायच्या आत

माझ्या मामांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. जो माणूस पुढं सांगलीकडून निवडून दिल्लीला गेला, त्याच्याबद्दल हे लिहिलं तर कुणाला पटायचं नाही, आणि त्यांच्या गौरवग्रंथात तर हे कुणी छापूनही घेतलं नसतं. पण खरं आहे. कागद एकदा वाचला की पान, ओळ, शाईचा डाग यांसकट त्यांना तो आठवायचा. माणूस समोर आला की मात्र चष्म्याआडून त्याच्याकडे असं बघत, जणू हा आत्ताच जन्माला आला आहे. ही अडचण झाकायला त्यांनी एक प्रश्न धरून ठेवला होता. समोर येईल त्याला विचारायचे, "जेवलास का?" वडीलधारा असला तर "जेवलात का?" लोक विरघळत. एवढा मोठा माणूस, पण आमच्या पोटाची काळजी करतो, असं गावोगाव बोललं गेलं आणि त्यावर मतंही पडली. मी मागं उभी राहून मनात म्हणायचे, अहो, त्यांना तुमचं नाव आठवत नाहीये. आणि एखादा भोळा "न्हाई जी" म्हणाला की चूल पेटवायची कुणी, तर मी.

आता ही गोष्ट दिल्लीच्या पुष्कळ आधीची, मामा साताऱ्यात वकिली करत होते तेव्हाची. मी म्हसवडची. लढाई लागली तसे वडील पलटणीबरोबर समुद्रापलीकडं गेले, माण तालुक्यात पाऊस नव्हता, आणि आई धाकट्या भावंडांना घेऊन चुलत्यांच्या आसऱ्याला राहिली. मराठी पाचवीत माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे मामांनी मला न्यायला माणूस पाठवला, कारण मामींना दमा होता आणि चुलीचा धूर सोसत नव्हता. साताऱ्यात मला शाळेत घालायचं बोलणं झालं होतं, ते त्याच धुरात कुठंतरी विरलं. त्याचं दुःख करत बसावं एवढी मला सवड नव्हती आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. दोन वेळची भाकरी होती, अंगावर धड लुगडं होतं, थंडीत मामी स्वतःची घोंगडी माझ्या अंगावर टाकून शेकोटीशी खोकत बसायच्या. हे उपकार मी तेव्हाही विसरले नाही, आजही नाही. पण उपकारावर राहणाऱ्या मुलीच्या पोटात एक भीती कायम बसलेली असते. रोज सकाळी म्हसवडची मोटार स्टँडवरून निघे. लढाईमुळं ती कोळशावर चालायची, त्यामुळं निघण्याआधी बराच वेळ धापा टाकायची आणि मग भोंगा वाजवायची. आमच्या परसात तो भोंगा स्वच्छ ऐकू येई. तो ऐकला की मी मनाशी म्हणायचे, गेली आजची मोटार, आज मी तिच्यात नाही.

मामांनी संध्याकाळी काळा कोट खुंटीला टांगला तरी वकिली त्यांच्या अंगावरून उतरत नसे. घरात साधं काही विचारायचं तरी उलटतपासणी. आमटी करपली तर विचारायचे, "आमटी करपली तेव्हा तू चुलीपुढं होतीस, हो की नाही?" मी म्हणायचे, "होते, पण मामींनी हाक मारली म्हणून..." की लगेच बोट वर. "पण नाही. विचारलं तेवढंच बोलायचं. हो की नाही?" "हो." "झालं." मग ते समाधानानं करपलेली आमटी ओरपायचे. त्यांना आमटीचं काही नव्हतंच, उत्तर सरळ मिळालं की त्यांचं जेवण गोड व्हायचं. मामी या भानगडीत पडत नसत. मी एकदा त्यांना म्हटलं, तुम्ही तरी त्यांना समजावून सांगा. तर म्हणाल्या, "सिंधू, लग्न झालं त्या वर्षी मी सांगून बघितलं. तेव्हापासून सोडून दिलंय." आणि तांदूळ निवडायला लागल्या.

त्या काळी लांबून आलेला पक्षकार वकिलाच्याच घरी उतरायचा. कोर्टाची तारीख उद्या असली की आदल्या दिवशी दुपारपासून ओटी भरायला लागायची. कुणी कांबळं पसरून आडवा, कुणी विडी विझवून कानावर ठेवलेला, कुणी परसातल्या आडावर चूळ भरतोय, आणि तंबाखू, घाम, शेंगा, गूळ, कोंबडीची पिसं या सगळ्यांचा मिळून एक वास. येताना ते आपल्या मळ्यातलं काहीबाही घेऊन यायचे. एकदा एका शेतकऱ्यानं जिवंत बोकड आणून खांबाला बांधला आणि मामांना वाटलं, हा पुरावा आहे. त्यांनी कारकून गोविंदरावांना त्याची नोंद करायला लावली. या सगळ्यांना भाकरी थापायची ती मी. सकाळी थापलेल्या दुपारी पुरत नसत, दुपारच्या रात्री पुरत नसत, आणि मामा ओटीवरून आत ओरडून सांगायचे, "आणखी एकजण आलाय गं." कोण आलाय, ते त्यांना ठाऊक नसायचं.

अशात नेमगोंडा आला. तासगावकडचा जैन शेतकरी, पानमळ्याचा धनी, उंच, वाळका, बोलणं कमी. त्याच्यावर धाकट्या भावानं वाटणीचा दावा लावला होता. भांडण पानमळ्याचं आणि मळ्यातल्या विहिरीचं. विहीर मी एकट्यानं खोदली, तेव्हा मळा माझा, हे नेमगोंडाचं म्हणणं. दोघांनी मिळून खोदली, तेव्हा अर्धा माझा, हे धाकट्याचं. दावा मोठा म्हणून साताऱ्याच्या कोर्टात, आणि नेमगोंडाचे वकील मामा. भिलवडी स्टेशनावर गाडीत बसायचं, सातारा रोडला उतरायचं, तिथून मोटार, असा प्रवास करून तो यायचा. त्याचं सगळं मी आनंदानं केलं असतं, पण तो दिवस बुडाल्यावर अन्नाला शिवत नसे. पाणीसुद्धा नाही. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. म्हणजे बाकीच्या पंगतीचं कांदा-लसणीचं वेगळं आणि याचं वेगळं, तेही उजेडात. बरं, त्यांच्याकडं सगळा सपाट मुलूख, सूर्य जमिनीला टेकेपर्यंत दिसतो. साताऱ्यात पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर. आमच्याकडं सूर्य लवकरच त्याच्यामागं जातो. नेमगोंडाचा नियम असा, की डोंगराआड गेला म्हणजे बुडाला. त्यामुळं दुपार कलायला लागली की माझा जीव वरखाली. परसातल्या भिंतीवरून ऊन सरकायला लागलं की मी तव्यावर भाकरी आणि डोळ्यांत भिंत अशी बसलेली असायचे. तो आपलं पाणी एका पांढऱ्या धडप्यातून गाळून घ्यायचा. मऊ, जुन्या लुगड्याचा तुकडा, कडेला बारीक तांबडी किनार. "आमच्या आईच्या लुगड्याचा हाय, अक्का," एकदा म्हणाला. वयानं तो माझ्या बापाएवढा, पण मला अक्का म्हणायचा.

पुढच्या तारखेला तो जेवायला बसला आणि परसाच्या दाराशी आणखी एक माणूस येऊन उभा राहिला. रुंद खांद्यांचा, कान पैलवानासारखे चेंबलेले, हातात पितळी तांब्या. मला वाटलं नेमगोंडाचा गडी असेल. मी पान मांडलं. त्यानं आडावर जाऊन पाणी शेंदलं, खिशातून धडपा काढला आणि तांब्यावर पसरला. मऊ, पांढरा, कडेला तीच बारीक तांबडी किनार. मी हातात भाकरी घेऊन तिथंच थांबले. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसून म्हणाला, "अक्का, मी त्योच. ज्यानं दावा लावलाय त्यो. आमचं वकील सदर बझारात ऱ्हात्यात, त्यांच्याकडं मटण शिजतंय, खानावळीत कांदा-लसूण. दिवस बुडायच्या आत दुसरीकडं कुटं मिळायचं? आण्णासाठी करतासा तर त्यातलंच वाडा." नेमगोंडा त्याच्याकडं पाठ करून बसला होता. त्यानं मान वळवली नाही, पण आपलं पान थोडं पुढं सरकवून भिंतीकडची जागा मोकळी करून दिली. धाकटा तिथं त्याच्याकडं पाठ करून बसला. आमच्या परसात त्या दिवसापासून दोन भाऊ पाठीला पाठ लावून जेवायला लागले. बोलायचे फक्त सूर्यावरून. नेमगोंडा हात धुवायला उठला की धाकटा मला म्हणायचा, "अक्का, आनखी वाईच वाडा, दिवस कुटं बुडालाय? किल्ल्यावर ऊन हाय की." आणि अजिंक्यताऱ्याच्या माथ्याकडं बोट करायचा. तिथं खरंच पिवळं ऊन असायचं. नेमगोंडा आडाकडं बघत म्हणायचा, "डोंगराआड गेला म्हंजे गेला. किल्ल्यावर काय, इमानात बसून जेवा म्हणावं." हे त्याला सांगायला नाही, मला. असं त्यांचं भांडण माझ्या डोक्यावरून चालायचं.

मामांना हे सांगायला पाहिजे, एवढं मला कळत होतं. विरुद्ध बाजूचा माणूस आपल्या घरी जेवतोय, उद्या काही झालं तर सगळं माझ्या अंगावर यायचं. त्याच रात्री वाढताना मी म्हटलं, "मामा, तो नेमगोंडाबरोबर जेवायला बसतो ना, तो आपला नाही."

"आपला नाही म्हणजे? त्याच्या गावचा नाही?"

"गावचाच आहे, पण..."

"पण नाही. नेमगोंडाच्या नात्यातला आहे, हो की नाही?"

"हो, पण..."

"गावचा आहे, नात्यातला आहे. मग आपला कसा नाही? ताक वाढ."

मी ताक वाढलं. मामी माझ्याकडं बघून नुसत्या खोकल्या. गोविंदराव कारकुनांना सांगावं तर ते कोर्टातूनच परस्पर आपल्या घरी जायचे. दुसऱ्या तारखेला पुन्हा प्रयत्न केला. मामांनी विचारलं, तो माणूस फुकट जेवतो म्हणून तुझी तक्रार आहे का, हो की नाही. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग विषय संपला. अशा माणसाला काय सांगणार. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझ्या कपाळाची शीर उडते. आता मला कुणी विचारतं, की तुम्ही त्यांच्यापुढं ठामपणे का बोलला नाहीत, तर त्यांना सांगते, तुम्ही दुसऱ्याच्या भाकरीवर कधी राहिला नाहीत.

मग साक्षीची तारीख आली. आदल्या दिवशी मामा कोर्टातून लवकर परतले. पाय धुवायला परसात आले तेव्हा दोघे भाऊ जेवत होते. मामा पायरीवर टेकले, भावांनीच आणलेलं मळ्यातलं पान उचललं, चुना लावला आणि स्वभावाप्रमाणं समोर दिसला त्याला विचारायला लागले. समोर धाकटा. "काय रे, विहीर खोदली तेव्हा तू गावात होतास, हो की नाही?"

धाकट्यानं घास खाली ठेवला. मला वाटलं, आता हा काहीतरी बनवून सांगेल. दाव्यात तर त्यानं आपण खोदल्याचं लिहून दिलेलं. तो म्हणाला, "न्हाई जी. मी तवा कोल्हापुरात तालमीला होतो. आण्णानं एकट्यानं खांदली. लय हाल काडलं त्यानं." आणि पुन्हा जेवायला लागला. पलीकडं नेमगोंडाचा जबडा हलायचा थांबला होता.

मामांचा चेहरा उजळला. पानाचा विडा तसाच हातात. "नेमगोंडा, असा साक्षीदार घरात जेवतोय आणि तू मला सांगितलं नाहीस? कोण आहे हा?"

नेमगोंडानं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "आमच्यातलाच हाय, साहेब."

मामा उड्या मारतच आत आले. उद्या ह्याला साक्षीला उभा करतो, म्हणाले. मी चुलीपुढून उठले आणि म्हटलं, "मामा, तो उद्या उभा राहणारच आहे."

"म्हणजे तयार आहे तो?"

"तयार आहे, पण..."

"पण नाही," मामा म्हणाले आणि उद्याच्या कामाचे कागद काढून बसले. त्या रात्री त्यांनी जेवताना मीठ मागितलं नाही, काही नाही. फार खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी कोर्टात काय झालं ते मी गोविंदरावांच्या तोंडून ऐकलं, पुढं पुष्कळ वेळा ऐकलं, कारण साताऱ्याच्या बाररूममध्ये ते वर्षभर पुरलं. वादी म्हणून पुकारा झाला आणि पिंजऱ्यात आमचा परसातला माणूस चढला. मामा गोविंदरावांना म्हणाले, अहो, हा आपला साक्षीदार आत्ताच कशाला वर गेला, खाली बोलवा त्याला. गोविंदरावांनी कानात सांगितलं, साहेब, हाच वादी. मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला. तोवर वादीच्या वकिलानं आपल्या अशिलाला विचारलं, विहीर कुणी खोदली. तो मामांकडं बघत गप्प उभा. पुन्हा विचारलं, तरी गप्प. त्याचा वकील वैतागून खाली बसला. न्यायाधीश मामांना म्हणाले, तुम्ही विचारा.

एकच प्रश्न विचारायचा होता. कालचाच. तो विचारला की दावा संपला, हे मामांना कळत होतं, त्या माणसालाही कळत होतं. मामा उभे राहिले. मागून नेमगोंडानं त्यांचा कोट धरला. खाली वाकून मामा म्हणाले, काय आहे. नेमगोंडा म्हणाला, "त्ये इचारू नका, साहेब. जेवताना बोललाय त्यो."

स्वतःच्या अशिलानं असा कोट धरलेला वकील सातारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मामांनी पुढची तारीख मागितली.

घरी आले ते कोट न काढताच थेट स्वयंपाकघरात. त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. तो कोण आहे हे तुला ठाऊक होतं, हो की नाही. हो. पहिल्या दिवसापासून, हो की नाही. हो. मग मला सांगितलं नाहीस. मी म्हटलं, "दर वेळी सांगायला आले. दर वेळी तुम्ही म्हणालात, पण नाही." माझा आवाज माझ्याच ओळखीचा वाटेना. मामा जास्तच तापले. माझ्याच घरात मला मूर्ख बनवलं, म्हणाले, उद्याच्या मोटारीनं म्हसवडला जा, आणि त्या पैलवानाला आजपासून या घरात अन्न नाही. मामी दारात आल्या. धाप लागलेली, तरी सावकाश म्हणाल्या, "जाऊ दे तिला. मग तुमच्या पक्षकारांना उजेडात कोण वाढणार तेवढं सांगा. मी चुलीपुढं बसले तर तुम्हाला दुसरी बायको बघावी लागेल." मामा ओटीवर जाऊन बसले. मी माझी पत्र्याची पेटी काढली, दोन लुगडी ठेवली आणि मग लक्षात आलं की भिंतीवरचं ऊन निम्म्यावर आलं आहे आणि भाकरीचं पीठ अजून मळायचं आहे. रडत रडत मळलं. म्हसवडला गेले असते तर आईला एक तोंड जास्त, आणि चुलतीनं ते रोज मोजून दाखवलं असतं.

मध्येच पुढचं सांगून टाकते, नाहीतर लोक विचारत बसतात. त्या दोघांनी अखेर मळा वाटून घेतला आणि विहीर सामाईक ठेवली. वाटणी मामांनीच मध्ये पडून केली, आणि त्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघे आयुष्यभर मामांच्या डोक्यावर बसले. मामा चळवळीत तुरुंगात जाऊन आले, स्वराज्य आलं, जिल्ह्याचे दोन भाग झाले, आम्ही बिऱ्हाड सांगलीला हलवलं, ते दिल्लीला गेले, तरी पाण्याची पाळी काही मिटली नाही. पण तासगाव-सांगलीकडच्या गावांतून "त्यांच्या घरी दिवस बुडायच्या आत वाढत्यात" एवढंच बोललं जायचं, आणि त्या मुलखातला शेतकरी तेवढ्यावर मामांकडं यायला लागला. निवडणुकीत त्यांच्यासाठी बैलगाड्या जुंपल्या त्या याच लोकांनी. गौरवग्रंथात लिहिलंय की त्यांचा जनसंपर्क दांडगा होता. असेल. मला फक्त भाकऱ्या आठवतात.

तर त्या संध्याकाळी नेमगोंडा एकटाच आला. मी पान मांडलं. भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, दही. त्यानं धडप्यातून पाणी गाळलं, बसला, आणि भिंतीकडच्या मोकळ्या जागेकडं बघत म्हणाला, "त्यो?"

मी मान हलवली. तो आला नव्हता. यायला तोंड उरलं नसेल, किंवा मामांचं बोलणं कुणीतरी पोचवलं असेल. नेमगोंडानं भाकरीला हात लावला नाही. जेवा म्हटलं तर म्हणाला, भूक न्हाई. सकाळपासून दोघांच्याही पोटात काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ऊन भिंतीच्या वरच्या विटांवर गेलं. मामा ओटीवरून हे सगळं बघत होते. कोट अजून अंगात. ते उठले, पायरीपर्यंत आले, परत गेले. पुन्हा आले.

"तो कुठं असेल?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. मीच म्हटलं, "मोती तळ्यावर असेल. मोटार सुटेपर्यंत तिथं बसतो."

मामांनी वहाणा घातल्या, दारापर्यंत गेले आणि थांबले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "सिंधे, चल बरोबर. मला तो ओळखू यायचा नाही."

मी पिठाच्या हातानं तशीच निघाले. काळ्या कोटातला वकील पुढं, मी मागं. वाटेत त्यांनी रुंद खांद्याच्या एका हमालाला थांबवून "चल जेवायला" म्हटलं. तो बिचारा यायलाही लागला. मी म्हटलं, "हा नव्हे." पुढं एका पानवाल्याला गाठलं. "हाही नव्हे, मामा." जीव चालला होता माझा, उन्हाकडं बघू की यांच्याकडं. तळ्याच्या पायरीवर तो बसला होता, तांब्या शेजारी, धडपा गुडघ्यावर वाळत घातलेला. आम्हाला बघून उठला. मामा त्याच्यासमोर उभे राहिले, धाप लागलेली, आणि बोलायला तोंड उघडलं तर सवयीचंच आलं.

"जेवलास का?"

"न्हाई, साहेब."

"मग चल."

"तुमी मला घरात नको म्हनलासा."

"म्हणालो होतो," मामा म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. मला काही सांगायचं होतं, ते त्यांना दिसलं असावं. म्हणाले, "बोल. काय पण?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला माझा 'पण' विचारला, आणि माझ्याकडं बोलायला वेळ नव्हता. मी यवतेश्वराकडं हात केला. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला होता. "तो गेला की कुणीच जेवणार नाही. माझ्या भाकऱ्या वाया जातील," मी म्हटलं. आम्ही तिघे पळत सुटलो. भर पेठेतून काळा कोट, पैलवान आणि पिठाच्या हाताची पोरगी. दुकानदार फळीवरून उठून बघायला लागले. मला वाटतं, सातारकरांनी मामांना पळताना तेव्हाच बघितलं.

परसात शिरलो तेव्हा भिंतीवर ऊन नव्हतं. डोंगरामागं नुसता तांबूस उजेड. मी आडाला धरून उभी राहिले. एवढं करून उशीर झालाच. धाकटा दारातच थांबला, तांब्या खाली ठेवला. त्यालाही दिसत होतं. नेमगोंडाचं पान तसंच पुढ्यात, भाकरीवर भाकरी, आमटीवर साय धरलेली. मामांनी नेमगोंडाकडं बघितलं. त्यानं मामांकडं बघितलं नाही. तो मान वर करून बराच वेळ अजिंक्यताऱ्याकडं बघत राहिला. माथ्यावर, अगदी वरच्या तटावर, बोटभर पिवळं ऊन होतं.

मग भिंतीकडची जागा हातानं झाडून, कितीतरी दिवसांनी भावाकडं तोंड करून तो म्हणाला, "ये, बस. किल्ल्यावर ऊन हाय अजून."

मी भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी म्हसवडच्या मोटारीनं भोंगा वाजवला तेव्हा मी चुलीपुढं होते, आणि ओटीवरून मामा आत ओरडून सांगत होते, की आणखी एकजण आलाय.